पाहुण्याची ओसरी

यवतला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा अख्खं गाव यजमान होतं. लोणी काळभोरहून निघालेली पालखी उरुळी कांचनला दुपारची विसावते, संध्याकाळी काळभैरवनाथाच्या देवळात पोचते आणि त्या रात्री हजारोंच्या पंगतीला पिठलं-भाकरी. दुसऱ्या दिवशी मुक्काम वरवंडला. आमच्या अंगणात वर्षानुवर्षं एकच दिंडी उतरते. पाणी आमचं, वीज आमची, जागा आमची. पण त्यांच्या ट्रकमध्ये पत्र्याची एक पेटी असते आणि तिची किल्ली दिंडीचालकाच्या कमरेला. पेटीत काय आहे ते आम्ही विचारत नाही, ते सांगत नाहीत, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

सकाळच्या शटलनं पुण्याला जाऊन मी ज्या धंद्यात दिवस काढतो तिथंही यजमान आणि पाहुणा हेच दोन शब्द दिवसभर तोंडात असतात, फक्त इंग्रजीत. एका मोठ्या कॉम्प्युटरवर अनेक आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवतात. खालचा तो होस्ट, वरचे ते गेस्ट, आणि मधे बसून सगळ्यांना प्रोसेसर-मेमरीच्या वाटण्या करून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायजर. इथं पाहुण्याच्या पेटीची किल्ली पहिल्यापासून यजमानाकडे होती. खरं तर पेटीच यजमानाची होती. पाहुणा तिला आपली समजत होता.

गेली दहा वर्षं हे उलटवण्याचा उद्योग चालला आहे. यजमानालासुद्धा आतलं वाचता येऊ नये अशी व्हीएम, म्हणजे संरक्षित व्हीएम. पेटीला कुलूप लावायचं काम बऱ्यापैकी जमलं. अडलं ते दुसरीकडे. व्हीएमला डिस्क लागते, नेटवर्क लागतं, कन्सोल लागतो, आणि ही सगळी उपकरणं यजमानाच्या हातातली. उपकरण म्हटलं की त्याला मेमरीत हात घालावा लागतो. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला पेटीत किती हात घालू द्यायचा, या प्रश्नाची आजवरची उत्तरं कुठं पोचली आहेत ते इथं पाहायचं आहे.

आधी जुनी व्यवस्था. लिनक्समध्ये केव्हीएम आलं फेब्रुवारी २००७ मध्ये, २.६.२० या आवृत्तीत. ते कुमरानेट या इस्रायली कंपनीत अवी किविटी यांनी लिहिलं. त्यात पाहुण्याची सगळी रॅम म्हणजे यजमानावर चालणाऱ्या क्यूईएमयू या एका प्रोग्रामच्या मेमरीचा एक तुकडा. आभासी नेटवर्क कार्ड म्हणजे त्याच प्रोग्राममधला काही कोड. म्हणजे ‘उपकरण पाहुण्याची मेमरी वाचतं’ याचा अर्थ एक प्रोग्राम स्वतःचीच मेमरी वाचतो, एवढाच. त्याच सुमारास रस्टी रसेल यांनी व्हर्टिओ आखलं. खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी पाहुण्याला सरळ सांगायचं की बाबा, हे कार्ड खोटं आहे, आपण दोघं मिळून एक सोपी वही ठेवू. पाहुणा वहीत सोळा बाइटांची एक नोंद करतो: आठ बाइट पत्ता, चार बाइट लांबी, दोन बाइट खुणा, दोन बाइट पुढच्या नोंदीचा क्रमांक. यजमान तो पत्ता उघडतो आणि काम करतो.

त्या पत्त्यावर कुणाचंच नियंत्रण नव्हतं. खऱ्या उपकरणांच्या थेट मेमरी-प्रवेशावर, म्हणजे डीएमएवर, तोवर आयओएमएमयूचा पहारा बसू लागला होता. कुठलं कार्ड कुठल्या पानाला हात लावू शकतं ते त्यात लिहिलेलं असतं. व्हर्टिओ या पहाऱ्याला वळसा घालून जायचं. घरच्याच माणसाला काय पास विचारायचा, असा तो हिशेब. वेग मिळत होता आणि यजमानावर संशय घेण्याचं कारणही नव्हतं. त्या काळाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. तेव्हाची भीती उलटी होती, पाहुणा यजमानाचं घर फोडेल ही.

व्हर्टिओच्या या घडणीला पुण्याचाही हात लागलेला आहे. रेड हॅटच्या पुण्याच्या कचेरीतून काम करणारे अमित शहा (गृहमंत्र्यांशी साम्य नावापुरतं) यांनी व्हर्टिओच्या कन्सोलला अनेक पोर्टं दिली. यजमान आणि पाहुणा यांच्यात साधा निरोपांचा रस्ता त्यातून तयार झाला आणि मे २०१० मधल्या फेडोरा १३ मध्ये तो लोकांपर्यंत आला. २०११ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या सीओईपीत फुडकॉन हे फेडोरावाल्यांचं संमेलन भरलं तेव्हा मी मागच्या बाकावर बसून असल्याच गप्पा ऐकत होतो. यजमान दगा देईल, हा विचार तेव्हा कुणाच्या बोलण्यात नव्हता. माझ्या तर डोक्यातही नव्हता.

हा अविश्वास आला दोन वाटांनी.

पहिली वाट भाड्याच्या यंत्रांची. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पुण्यात आपलं डेटासेंटर-क्षेत्र उघडलं. कागदावर त्याचं नाव ‘सेंट्रल इंडिया’. २०१६ मध्ये ॲमेझॉन मुंबईत आलं. बँका, रुग्णालयं, विमा कंपन्या आपला कारभार दुसऱ्याच्या इमारतीतल्या दुसऱ्याच्या यंत्रांवर नेऊ लागल्या. तिथल्या एखाद्या ॲडमिनची नियत फिरली, किंवा हायपरव्हायजरमध्येच भोक निघालं, तर? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे, आणि तो ज्यानं लोकांची माहिती गोळा केली त्याच्या डोक्यावर. ‘यंत्र माझं नव्हतं’ हे सांगून सुटका नाही.

एएमडीनं २०१६ मध्ये एसईव्ही जाहीर केलं आणि २०१७ च्या एपिक प्रोसेसरांत दिलं: प्रत्येक व्हीएमची मेमरी वेगळ्या किल्लीनं कूटबद्ध, किल्ली प्रोसेसरच्या पोटात. पुढच्या ईएस आवृत्तीनं रजिस्टरं झाकली, आणि २०२१ मध्ये आलेल्या एसएनपीनं यजमानाला पानांची अदलाबदल करण्यापासून रोखलं. आयबीएमनं २०२० मध्ये झेड १५ यंत्रांवर आपला मार्ग आणला. आर्मनं २०२१ मध्ये सीसीए जाहीर केलं, तर इंटेलचं टीडीएक्स २०२३ पासून मिळू लागलं. बारकावे वेगळे आहेत. एएमडीकडे पानाच्या नोंदीतली एक बिट चढवली की पान खाजगी. इंटेलकडे बिट चढवली की पान सार्वजनिक. दोन्हीकडचा कोड सांभाळणाऱ्याला याचा मनस्ताप होतो, एवढं सांगून पुढं जातो.

दुसरी वाट फोनची. इथं पाहुणा आणि यजमान दोघंही तुमच्या खिशात. अँड्रॉइडचं लिनक्स कर्नल प्रचंड, त्यात शंभर कंपन्यांचे ड्रायव्हर. त्यातला एक फुटला की सगळं उघडं. म्हणून गूगलच्या विल डीकन आणि मंडळींनी पीकेव्हीएम मांडलं. केव्हीएमचा एक लहानसा गाभा हायपरव्हायजरच्या, वरच्या अधिकाराच्या पातळीवर ठेवायचा आणि बाकी सगळ्या यजमान कर्नलला एक पायरी खाली उतरवायचं. इथं कूटबद्धतेवर मदार नाही. संरक्षित व्हीएमला दिलेलं पान यजमानाच्या नकाशातूनच काढून टाकतात. यजमानानं तिकडे हात नेला की प्रोसेसर तिथंच अडवतो. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये हे आलं आणि पिक्सेल ७ वर ते पहिल्यांदा चालू अवस्थेत मिळालं.

आता मूळ मुद्दा. मेमरी कूटबद्ध असो की नकाशातून काढलेली, आभासी डिस्क चालवणाऱ्या यजमानाला ती वाचता येत नाही. मग पाहुण्यानं डिस्कवर लिहायला दिलेला मजकूरही त्याला वाचता येणार नाही. काम ठप्प. यावरचा तोडगा जुन्या वाड्याच्या रचनेतला आहे. माजघरात परका येत नाही. व्यापारी, कोतवाल, हिशेबनीस सगळे ओसरीवर. पाहुण्यानं आपल्या मेमरीतली काही पानं मुद्दाम उघडी ठेवायची, जे द्यायचं ते माजघरातून आणून तिथं मांडायचं आणि जे आलंय ते तिथून उचलून आत न्यायचं.

लिनक्समध्ये ही ओसरी आयती सापडली. तिचं नाव एसडब्ल्यूआयओटीएलबी. इटॅनियम यंत्रांच्या काळात काही कार्डांना ४ जीबीच्या वरच्या मेमरीचा पत्ताच लिहिता येत नसे. त्यांच्यासाठी खालच्या भागात थोडी जागा राखून तिथून नक्कल करून न्यायची सोय केली होती. कार्डाचा हात पोचत नाही म्हणून बांधलेली जागा, दीड-दोन दशकांनी हात पोचू नये म्हणून कामाला आली.

एक पॅकेट जवळून पाहू. व्हीएममधल्या प्रोग्रामनं दीड हजार बाइट पाठवायला दिले. कर्नलनं ते खाजगी पानात ठेवले. नेटवर्कचा ड्रायव्हर डीएमएच्या थराला म्हणतो, याचा पत्ता दे. थर पाहतो की आपण संरक्षित व्हीएममध्ये आहोत. तो ओसरीवर दोन केबीचा एक रिकामा खण शोधतो, दीड हजार बाइट तिथं उतरवून घेतो आणि खणाचा पत्ता परत देतो. ड्रायव्हर तो पत्ता सोळा बाइटांच्या नोंदीत भरतो आणि यजमानाला टिचकी मारतो. ही टिचकीसुद्धा आता सरळ राहिलेली नाही. एएमडीवर ती लिहिताना प्रोसेसर पाहुण्यालाच अपवाद देतो, पाहुणा स्वतःची आज्ञा स्वतः उलगडून पाहतो आणि एका उघड्या पानावर लिहून यजमानाला विनंती करतो. यजमान खण वाचून पॅकेट तारेवर सोडतो आणि आठ बाइटांची पावती ठेवतो: अमुक क्रमांकाचं काम झालं, लांबी इतकी. येणारं पॅकेट याच वाटेनं उलटं. प्रत्येक बाइटची एक जास्तीची नक्कल. आज संरक्षित व्हीएम हळू वाटते तेव्हा दोष कूटबद्धतेवर ढकलतात. तिचा भार फारसा नाही. वेळ जातो तो या उचल-ठेवीत.

या ओसरीची लांबी-रुंदी हाही चेष्टेचा विषय नाही. मूळचं माप ६४ एमबी. एका ग्राहकाकडे, नाव सोडून देतो, डिस्कवर जोर आला की व्हीएम गोठायची. लॉगमध्ये ओळ होती: बफर भरला, एकूण स्लॉट ३२७६८. आम्ही तीन दिवस डिस्कच्या ड्रायव्हरमागे लागलो. ३२७६८ गुणिले दोन केबी म्हणजे बरोबर ६४ एमबी, हा हिशेब कुणी केलाच नाही. वास्तविक २०२१ च्या लिनक्स ५.११ पासून एसईव्ही व्हीएममध्ये कर्नल मेमरीच्या सहा टक्के, जास्तीत जास्त एक जीबी, स्वतःहून राखतं. पण कधीकाळी कुणीतरी बूटच्या ओळीत जुना आकडा लिहून ठेवला होता आणि तो एका प्रतिमेतून दुसरीत वारशानं चालत आला होता. तिसऱ्या दिवशी शटलमध्ये उरुळीला गाडी थांबली असताना मला तो गुणाकार सुचला. सोबत काम करणाऱ्यांना मी हे कधी सांगितलं नाही. २०२३ च्या ६.६ मध्ये ही जागा गरजेप्रमाणे वाढवायची सोय आली, तरी एका उचलीला २५६ केबीची मर्यादा आहेच.

ओसरीच्या स्वच्छतेवरून २०२२ मध्ये एक मोठा गोंधळ झाला, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. उपकरण जेव्हा मेमरीत लिहिणार असतं तेव्हा कर्नल खण रिकामा समजून देत असे. उपकरणानं अर्धाच खण भरला, तर उरलेल्या अर्ध्यात आधीच्या कुणाचा तरी मजकूर. तो तसाच आत जाऊन भलत्या प्रोग्रामच्या हाती पडायचा. आयबीएमच्या हलिल पासिक यांनी हे बंद केलं: आधी पाहुण्याच्या मूळ बफरातला मजकूर खणात उतरवायचा, मग उपकरणाला द्यायचा. दुरुस्तीच्या पुढच्या फेरीनं ॲथेरॉसची वायफाय कार्डं बंद पडली, लिनस टोरवाल्ड्स यांना ती मागे घ्यावी लागली, नंतर अर्धी पुन्हा आली. अखेर जे ठरलं ते साध्या यंत्रासाठी योग्यच आहे. पण संरक्षित व्हीएममध्ये त्याचा अर्थ काय होतो पाहा. यजमानाकडून काही घेण्यापूर्वी पाहुणा आपल्या माजघरातला जुना, कदाचित गुपित, मजकूर ओसरीवर मांडतो! एकाला बरं करायला दिलेलं औषध दुसऱ्याला बाधतं. एकच यंत्रणा दोन वेगळ्या विश्वासांवर चालवली की असं होणारच, आणि म्हणून ही उसनी ओसरी कायमची पुरणार नाही असं माझं मत आहे.

इथवरचं दुखणं जागेचं आणि वेगाचं. खरं भय पावतीत आहे.

ऊस घालणाऱ्या माणसाला काटा मारणं म्हणजे काय ते समजावायला नको. वजनाच्या चिठ्ठीवर जो आकडा येईल तो मुकाट्यानं घ्यायचा, कारण काटा कारखान्याचा. व्हर्टिओच्या पावतीवरची लांबी हा असाच यजमानाच्या काट्यावरचा आकडा. पाहुण्यानं दीड हजार बाइटांची जागा दिली आणि पावतीवर पासष्ट हजार आले, तर? जुना ड्रायव्हर तो आकडा खरा मानून चालायचा आणि शेजारच्या मेमरीत घुसायचा. दुसरी लबाडी आणखी बारीक. ड्रायव्हरनं आकडा वाचला, पडताळला, बरोबर निघाला. मग वापरताना तो पुन्हा त्याच उघड्या पानावरून वाचला. दोन वाचनांच्या मधल्या क्षणात यजमानाच्या दुसऱ्या प्रोसेसरनं तो बदलला. चिठ्ठी एकदा पाहून खिशात घालायला हवी होती. आपण ती टेबलावर ठेवून पुन्हा पाहिली. आणि कधी कधी आपण एकदाच वाचलेलं असतं, पण कंपायलर परस्पर त्याची दोन वाचनं करून ठेवतो.

टीयू बर्लिन आणि फ्राउनहोफर एआयएसईसी इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये याचाच माग काढला. व्हीआयए नावाचं साधन करून त्यांनी लिनक्स ५.१० मधल्या २२ ड्रायव्हरांना खोटी उत्तरं देणारी उपकरणं जोडली आणि ५० चुका बाहेर काढल्या. त्यातल्या काहींच्या आधारे यजमानाला पाहुण्याच्या आत स्वतःचा कोड चालवता येतो, हे त्यांनी एसईव्ही-ईएसवर करून दाखवलं. मेमरीची कूटबद्धता या सगळ्यात जागच्या जागी शाबूत होती. कुलूप कुणी तोडलं नाही. आतल्याच माणसानं खोटी चिठ्ठी वाचून दार उघडलं.

त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याच ओसरीचा वेगळा उपयोग दाखवला होता. पहिल्या एसईव्हीत यजमानाला कूटबद्ध मजकूर वाचता येत नसे, पण तो उचलून दुसरीकडे चिकटवता येई. ओसरीवर न्यायच्या मजकुराच्या जागी त्यानं पाहुण्याच्याच दुसऱ्या पानाचा कूटमजकूर आणून ठेवला. पाहुणा नेहमीप्रमाणे तो उलगडून ओसरीवर मांडायचा. एसएनपीनं ही वाट बंद केली, कारण आता यजमानाला खाजगी पानांवर लिहिता येत नाही.

दुरुस्त्या आल्या. मार्टिन रादेव यांनी २०२१ मध्ये ओसरीच्या कोडला लांबी पडताळायला लावली. रेड हॅटच्या जेसन वांग यांनी व्हर्टिओच्या वहीची एक नक्कल माजघरात ठेवायला सुरुवात केली, म्हणजे काम संपल्यावर पत्ता आणि लांबी उघड्या पानावरून परत वाचायला नको. मायक्रोसॉफ्टच्या आणि झेन या दुसऱ्या हायपरव्हायजरच्या ड्रायव्हरांतही अशी डागडुजी झाली. पण लिनक्समध्ये हजारो ड्रायव्हर, आणि बहुतेकांनी हार्डवेअर खोटं बोलणार नाही हे गृहीत धरलेलं. म्हणून कर्नलच्या मंडळींत मोठा वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, संरक्षित व्हीएमसाठी मोजक्या ड्रायव्हरांची यादी करा आणि बाकी दारं बंद ठेवा. दुसऱ्या बाजूचं, उपकरणावर विश्वास ठेवायचा की नाही हा सर्वांचाच प्रश्न आहे, एका जातीच्या यंत्रांसाठी वेगळे नियम नकोत. तत्त्व म्हणून दुसरी बाजू मला पटते. पण उद्या सकाळी कुणाची तरी व्हीएम लोकांची माहिती घेऊन चालू होणार आहे, तेव्हा मी यादीच्या बाजूनं आहे. पाच ड्रायव्हर डोळ्यांत तेल घालून वाचता येतात. पाच हजार नाहीत.

डिस्क आणि नेटवर्क ही ठसठशीत उपकरणं. पण पाहुणा यजमानाकडून नकळत आणखी बरंच काही घेतो. इंटरप्ट घ्या: ‘काम झालं’ अशी हाक. २०२४ मध्ये ईटीएच झुरिचच्या संशोधकांनी हेकलर हा हल्ला मांडला. यजमानानं नेमक्या क्षणी अशी हाक मारायची की पाहुण्याला ती उपकरणाची न वाटता स्वतःच्याच प्रोग्रामची वाटावी, आणि त्या गोंधळात रजिस्टरमधली किंमत बदलून घ्यायची. यादृच्छिक आकडे हे दुसरं उदाहरण. किल्ल्या तयार करायला लागणारा अनिश्चितपणा व्हीएम परंपरेनं यजमानाकडून मागून घेते. ज्याच्यापासून कुलूप लावायचं त्याच्याकडूनच किल्लीचा साचा. त्याच वर्षी लिनक्सनं एसईव्ही आणि टीडीएक्समध्ये प्रोसेसरची स्वतःची सोय वापरणं सक्तीचं केलं.

फोनकडच्या मंडळींना हे सगळं नव्यानं मांडायची संधी होती आणि त्यांनी ती बरी वापरली. पीकेव्हीएममध्ये कुठलंही पान आपोआप उघडं होत नाही; पाहुणा हायपरव्हायजरला हाक मारून ‘हे पान वाटून घेतो’ म्हणतो आणि काम झालं की ‘परत घेतो’ म्हणतो. ओसरीसाठी एक ठरावीक पट्टा आधीच आखलेला असतो. २०२१ च्या ५.१५ मध्ये गूगलच्या क्लेअर चँग यांनी आणलेली ‘रिस्ट्रिक्टेड डीएमए पूल’ ही सोय त्यासाठी आहे. व्हीएमला दिसणारी उपकरणं मूठभर. सुरू होण्याआधी एक छोटं फर्मवेअर यजमानानं दिलेली उपकरणांची यादी तपासतं, आणि मगच आतलं कर्नल जागं होतं.

त्यातली एमएमआयओ गार्डची युक्ती तर मला मनापासून आवडते. उपकरणाच्या रजिस्टरला हात लावला की पाहुण्याची आज्ञा अडते आणि किंमत यजमानाकडे जाते, ही नेहमीची पद्धत. लबाड यजमान मग साध्या मेमरीचं एखादं पानच देत नाही. पाहुणा आपल्या समजुतीनं मेमरीत लिहितो, पान नसल्यानं आज्ञा अडते, हायपरव्हायजरला वाटतं हे उपकरणच असणार, आणि तो गुपित किंमत यजमानाच्या हाती देतो. गार्ड असा की पाहुणा आधीच सांगून ठेवतो, अमुक पत्ते उपकरणांचे. बाकी कुठंही अडलो तर बाहेर काही सांगायचं नाही. चारदोन ओळींचा करार, पण तो करायला आधी फसवणुकीची रीत कुणीतरी डोक्यात पूर्ण खेळून पाहिलेली असावी लागते.

फोनमध्ये एक अडचण मात्र जास्तीची आहे. कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स ही खरी उपकरणं डीएमए करतात आणि त्यांचे ड्रायव्हर यजमानाकडे. प्रोसेसरनं यजमानाला अडवलं, पण यजमानानं कॅमेऱ्यालाच सांगितलं की चित्र तिकडे त्या बंद पानात लिही, तर? म्हणून आर्मच्या एसएमएमयूचा, म्हणजे उपकरणांवरच्या पहाऱ्याचा, ताबाही हायपरव्हायजरकडे हवा. प्रत्येक चिप बनवणाऱ्याचा पहारा थोडा वेगळा, आणि सगळ्या फोनांवर हे सारखं पोचायला उशीर लागतो तो इथंच. २०२५ मध्ये पीकेव्हीएमला एसईएसआयपी या सुरक्षा-प्रमाणपत्राची पाचवी, सर्वांत वरची पातळी मिळाली. लहान गाभा ठेवण्याचं फळ ते हेच. शंभर कंपन्यांच्या ड्रायव्हरांसह अख्खं कर्नल असल्या तपासणीला बसवायचं कुणाच्या मनातही येणार नाही.

दुसरीकडे, ओसरीच नको, उपकरणालाच माजघरात घ्या, असं म्हणणाऱ्यांची गर्दी वाढते आहे. कारण उघड आहे: ग्राफिक्स कार्डं. एआयच्या मॉडेलचे शेकडो जीबी दोन-दोन केबीच्या खणांतून नेणं म्हणजे कारखान्याचा ऊस टोपलीनं वाहणं. एनव्हिडियाच्या एच१०० नं पहिली पायरी म्हणून ओसरी तशीच ठेवली, फक्त तिच्यावर मांडायचा माल व्हीएम आणि कार्ड दोघंच उघडू शकतील असा कूटबद्ध केला. पुढची पायरी पीसीआय-एसआयजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या टीडीआयएसपी या कराराची. उपकरण आधी ओळखपत्र दाखवतं, त्याची मांडणी कुलूपबंद होते, तारेवरची वाहतूक कूटबद्ध होते, आणि मग पाहुण्यानं मान्य केलं तरच त्याला खाजगी पानांत थेट डीएमए मिळतो. मधेच यजमानानं मांडणीला हात लावला तर उपकरण चूक-अवस्थेत जातं. एएमडी, इंटेल, आर्म तिघांनीही आपापल्या नावांनी याची सोय आखली आहे.

वेग यातून मिळेल, यात शंका नाही. पण माजघरात येणाऱ्यांची संख्या वाढते, हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. काल विश्वास एका प्रोसेसर कंपनीवर होता. उद्या तो कार्ड बनवणाऱ्यावर, कार्डातल्या फर्मवेअरवर आणि त्या फर्मवेअरचं ओळखपत्र देणाऱ्यावरही असेल. उपकरण एकदा आत आलं की त्याच्या चिठ्ठ्या पडताळायची सवय सुटते, आणि पाहुण्यांच्या ड्रायव्हरांना ती सवय आत्ता कुठं लागत होती.

यंत्राला हात लावू शकणाऱ्याचा विषय दोन वाक्यांत आटपतो. डिसेंबर २०२४ मध्ये बॅडरॅम या हल्ल्यानं दाखवलं की मेमरीच्या कांडीवरची छोटी चिप साधारण दहा डॉलरच्या साहित्यानं खोटं माप सांगू लागली की एसएनपीही फसतं. २०२५ च्या टीईई.फेल या हल्ल्यानं डीडीआर५ मेमरीच्या तारांच्या मधे बसून इंटेल आणि एएमडी दोघांच्याही किल्ल्या काढल्या. यापुढं ओसरी-माजघराचा हिशेब लागू पडत नाही, तिथं डेटासेंटरच्या दारावरचा वॉचमनच लागतो.

आणि सगळं नीट जमलं तरी ओसरीवर काय चाललंय ते यजमानाला दिसतच राहतं. मजकूर आम्ही आतून कूटबद्ध करून पाठवतो, म्हणून तो वाचता येत नाही. पण किती वाजता, किती मोठा, डिस्कच्या कितव्या खंडावर, हे सगळं त्याच्या वहीत असतं. डिस्कचा कालचा खंड आज परत आणून देणंही त्याच्या हातात आहे. नुसत्या कूटबद्धतेला हे शिळंपण ओळखता येत नाही, त्यासाठी वेगळी नोंद ठेवावी लागते आणि ती ठेवायचा कंटाळा बहुतेक जण करतात. गेल्या आषाढात दिंडी उतरली तेव्हा पेटी ट्रकातच होती, तरी आईनं ओसरीवर बसल्या बसल्या सांगितलं, या वर्षी यांची माणसं कमी आलीत आणि विणेकरी बदललाय. पहाटे ते वरवंडच्या वाटेला लागले. पीकेव्हीएम व्हीएम बंद झाली की तिची खाजगी पानं पुसूनच यजमानाला परत देतं. आमच्या अंगणात ते काम आईच्या झाडूनं झालं, आणि चुलीच्या राखेवरून तिनं रात्री किती जणांचा चहा झाला तेही ओळखलं.